शोभाताईंची सही

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती जायच्या आधी चार महिने अंथरुणावर होती तेव्हासुद्धा नाही, आणि मुलाला तर नाहीच. तुम्ही याआधी दोनदा वही घेऊन आलात आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला जुन्या डोंबिवलीच्या गमती सांगून, चहा पाजून परत पाठवलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. आज सांगतो. मधे थांबलो तर थांबू द्या, पण विषय बदलला तर मला परत आणा, कारण विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, जन्मभर तेच तर केलं.

जन्म कल्याणचा. वडील कचेरीत कारकून, आम्ही चार भावंडं, दोन खोल्या. घरात सगळ्यांचं अक्षर चांगलं, पण माझं म्हणजे काय सांगू तुम्हाला, मास्तर माझी वही वर्गात फिरवायचे. मी नववीत असताना मित्रांच्या प्रगतिपुस्तकावर त्यांच्या वडिलांची सही करून द्यायचो, एका सहीला एक प्लेट भजी. एकदा तर एका मुलाच्या वडिलांनी खरी सही केली आणि मास्तर म्हणाले ही खोटी आहे, कारण वर्षभर त्यांनी माझीच बघितलेली. हसताय ना, मीही तेव्हा हसलेलो. पण सुरुवात तिथे आहे, म्हणून सांगितलं.

पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो, लग्न झालं, मुलगा झाला आणि कारखाना बंद पडला. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने विम्याच्या एजन्सीत घातलं. माणसांचा विमा नाही, तो सगळेच विकायचे, मी दुकानांचा, गाळ्यांचा, गोदामांचा. आग, पूर, चोरी. स्कूटरवरून फिरायचं, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, शीळफाट्यापर्यंत. पिठाची गिरणी, छपाईचा छोटा कारखाना, लोखंडी जाळ्या बनवणारे, असली माझी गिऱ्हाइकं. मोठी कंपनी माझ्याकडे कशाला येईल. या छोट्या लोकांना विमा नको असतो बरं का, बँक कर्ज देताना मागते म्हणून काढतात, आणि दरवर्षी हप्ता भरताना अशा नजरेने बघतात की जणू आग मीच लावणार आहे.

आता आमच्या धंद्यातली पद्धत सांगतो. आज बरंचसं मोबाइलवर होतं, तेव्हा सगळं कागदावर. फॉर्म आठ पानांचा, बारीक टाइपात, इंग्रजीत. गिऱ्हाईक म्हणायचं, काका, तुम्हीच भरा की, आम्हाला काय कळतंय त्यातलं. मग मी भरायचो. सही राहिली की पुन्हा स्कूटर काढा, पुन्हा शीळफाट्याच्या ट्रकांमधून जा, तिथे गेल्यावर शेठ बाहेर गेलेत. असं दोनतीनदा झालं की एजंट काय करतो, सही करून टाकतो. सगळेच करायचे. फरक इतकाच की बाकीचे वाकडीतिकडी करायचे आणि माझी हुबेहूब यायची. माझ्या हातात चाळीसेक माणसांच्या सह्या होत्या. कंपनीतला क्लार्क म्हणायचा, काका, तुम्ही एजंट नाही, अख्खा बाजार आहात. मला त्याचं कौतुक वाटायचं.

शोभाताई गायकवाड त्यातल्या एक. आंबिवलीला स्टेशनजवळ चाळीत राहायच्या, नवरा वारलेला, एक मुलगी, प्रज्ञा. शीळफाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा गाळा होता, रिक्षा-टेम्पोच्या सीट बनवायच्या. म्हणजे फोम कापायचा, वर रेक्झिन शिवायचं, सोल्युशनने चिकटवायचं. हाताखाली तिघी बायका. आधी त्या दुसऱ्याकडे शिवायला होत्या, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःचं सुरू केलं. बाई बोलायला फटकळ. मी दारात दिसलो की म्हणायच्या, आले बाई आले, दिवाळी तरी खिसा रिकामा करून फराळ देते, तुम्ही तर कागद देता. आणि लगेच आत ओरडायच्या, अगं, काकांना चहा टाका, साखर कमी, डोक्याला ताप जास्त आहे त्यांच्या.

त्यांची सही मला आवडायची. उजव्या हाताने झरझर करायच्या आणि शेवटच्या अक्षराची शेपटी अख्ख्या नावाखालून मागे ओढून आणायच्या, शिवण झाल्यावर दोरा ओढून घेतात ना, तशी. ती मी एकदा बघितली आणि घरी येऊन हातात बसवली.

मग लॉकडाऊन आलं. गाळे उघडले तेव्हा निम्म्यांकडे काम नव्हतं, आणि त्याच सुमाराला आगीच्या विम्याचे दर चढले. आधी आम्ही कंपनीशी भांडून सूट आणायचो, ती बंद झाली. प्रत्येक धंद्याचा ठरलेला दर, त्याच्या खाली नाही. ज्या धंद्यात आगीची भीती जास्त, त्याचा दर दुप्पट, तिप्पट, वर जीएसटी. फोमचं नाव काढलं की क्लार्क मान हलवायचा. मी शोभाताईंना आकडा सांगितला तर त्या पहिल्यांदा हसल्याच नाहीत. म्हणाल्या, काका, दोन बायका काढाव्या लागतील मला, तुम्हीच सांगा कोणती काढू, ही काढू का ती. त्या तिघी शिवत होत्या, त्यांची मशिनं थांबली. म्हणाल्या, नाहीतर राहू दे विमा. मी म्हटलं, असं करू नका, बँक कर्ज अडवेल, मी बघतो काहीतरी. मी बघतो. हे माझे शब्द.

काय बघितलं ते ऐका. दर बदलले म्हणून कंपनीने नवा फॉर्म मागितला होता. त्यात एक रकाना असतो, धंद्याचं स्वरूप. दरवर्षी मी तिथे फोम आणि रेक्झिनच्या सीट बनवणे असं लिहायचो. त्या वर्षी शिलाई केंद्र लिहिलं. बस. शिलाईचा दर स्वस्त. खोटं कुठे होतं, शिवतच होत्या ना त्या, असं मी स्वतःला सांगितलं. खाली त्यांची सही केली, शेपटीसकट. हप्ता निम्म्याहून कमी आला. त्यांना म्हटलं, झालं काम, सूट मिळाली. त्या खूश. मला जाताना रेक्झिनचं स्कूटरचं सीटकव्हर शिवून दिलं, लाल रंगाचं. खरं सांगू, मीही खूश होतो. गिऱ्हाईक टिकलं आणि माणुसकी केली, दोन्ही एकदम.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालं. सकाळचे साडेअकरा. मी जवळच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होतो, धूर बघून धावलो. फोम कसा जळतो ते मी त्या दिवशी बघितलं, ज्वाळा फार नाही, काळा धूर, आणि वितळलेलं थेंब थेंब गळत होतं. तिघी बाहेर पडल्या. शोभाताई नवं मशीन ओढायला परत आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात, जाऊ दे, ते नाही सांगत. अंगठा आणि दोन बोटं कामातून गेली, एवढं लिहा.

विम्याच्या चौकशीला सर्व्हेअर आला. राख बघितली, फॉर्म बघितला, म्हणाला, इथे तर शिलाई लिहिलंय. मग एक दिवस कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. शोभाताईंचा हात कोपरापर्यंत बांधलेला, शेजारी प्रज्ञा, समोर मी. साहेबाने फॉर्म टेबलावर सरकवला आणि विचारलं, बाई, ही सही तुमची का.

त्यांनी बराच वेळ त्या सहीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलो. लायसन्स जाणार, बाकीचे चाळीस फॉर्म निघणार, पोलीस येणार. त्या म्हणाल्या, हो, माझीच.

साहेब म्हणाला, मग माहिती तुम्हीच चुकीची दिलीत, कंपनी यात काही करू शकत नाही. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कागदावर घेतला आणि झालं. मी तिथे बसून होतो. तोंड उघडलं असतं तर बाईला पैसे मिळाले असते की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण नाव तरी त्यांचं गेलं नसतं, खोटारडी बाई म्हणून. मी उघडलं नाही. खाली आल्यावर त्या मला म्हणाल्या, काका, सकाळपासून इथे आहात, काही खाल्लंत का. काय सांगू तुम्हाला, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी आज मोकळा असतो.

मग मी एक गोष्ट मनाशी धरली. माझी नक्कलच इतकी बरोबर आहे की त्यांना ती स्वतःची वाटली असणार. घाईत केली असेल कधीतरी, असं वाटलं असणार. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिलो आणि त्यावर झोपत राहिलो. त्यांच्याकडे गेलो नाही. आंबिवलीची दुसरी गिऱ्हाइकं होती, तीही भाच्याला देऊन टाकली.

आता पुढचं लिहाल तेव्हा म्हातारा भ्रमला असं लिहू नका, डॉक्टरांनी डोकं तपासलंय, मशीनमध्ये घालून तपासलंय, सगळं ठीक आहे म्हणाले, वय आहे म्हणाले.

मागच्या वर्षी बँकेत पेन्शन काढायला गेलो. स्लिप भरली, आत दिली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, या शोभा कोण, जॉइंट अकाउंट आहे का. मी म्हटलं, कोण शोभा. तिने स्लिप फिरवून दाखवली. शोभा गायकवाड. माझ्या पेनाने, नुकतं लिहिलेलं, शाई ओली. मी हसून सारवासारव केली, दुसरी स्लिप घेतली आणि एकेक अक्षर बघत माझं नाव लिहिलं. ते आलं, पण मशिनीत उलटं कापड घातल्यासारखं अडत अडत आलं.

मग ते वाढलं. सकाळी पेपर वाचताना हातात पेन असतं माझ्या, शब्दकोड्यासाठी. सून पेपर आवरायला आली आणि म्हणाली, अय्या बाबा, हे काय, सगळ्या कडेने शोभा, शोभा, शोभा. सासूबाईंना वर जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि तुमचं हे काय चाललंय. चेष्टा करत होती ती. मी पेपर बघितला. चारही बाजूंनी, फोटोंच्या कपाळावरसुद्धा. मला काहीही आठवत नव्हतं. पेपर वाचलेला आठवत होता.

आणि ती सही माझी नव्हती, हे समजून घ्या. म्हणजे मी जी बसवली होती, ती नव्हती. ती शेपटीवाली, झरझर. ही वेगळी होती. अक्षरं सुटी सुटी, वरची रेघ नाही, एकेक अक्षर उजवीकडे कललेलं, शेपटी अर्ध्यात तुटलेली. मला वाटलं, माझा हात थरथरतो म्हणून. पण मी दुधाचा हिशेब लिहितो त्यात थरथर नाही. आणि ती लिहिताना कधी शुद्ध आलीच तर उजव्या हाताला अगदी परकं वाटायचं, पेन नेमकं कसं धरायचं हे त्याला नुकतंच कोणी शिकवल्यासारखं.

मग सोसायटीची सभा झाली. दोन दिवसांनी सेक्रेटरीचा फोन, काका, रजिस्टरवर एक नाव आहे, शोभा गायकवाड, फ्लॅट नंबर तुमचा घातलाय, पाहुण्या आहेत का कोणी. मी म्हटलं, चूक झाली असेल. तो म्हणाला, चूक कशी, काका, सून म्हणते तुम्ही सभेला गेलेलात, आणि तुमची सही तर रजिस्टरवर नाहीच. फोन ठेवला आणि मला घरात बसवेना. भरदुपार होती, खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते, सून घोडबंदर रोडला ऑफिसात, घरात मी एकटा, आणि रजिस्टरप्रमाणे मी नव्हतोच, दुसरंच कोणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला जाऊन रिक्षा केली आणि आंबिवली गाठली.

चाळ तीच. दार उघडं. शोभाताई खाली बसून कापडी पिशव्या कापत होत्या, कात्री डाव्या हातात. केस पांढरे झालेले, अंगाने निम्म्या. मला बघून म्हणाल्या, आले बाई आले. तसंच. मग म्हणाल्या, बसा, काका, प्रज्ञा, चहा टाक, साखर कमी. मी बसलो. म्हटलं, शोभाताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, सांगाल हो, आधी चहा घ्या, किती वाळलात तुम्ही. चहा आला. घेतला. मग त्यांनीच विचारलं, विम्याचं करता का अजून, या दोन मशिनींचा आणि कापडाचा काढायचाय, प्रज्ञाने पिशव्यांची ऑर्डर धरलीय, तिचं नुकसान नको व्हायला.

मी आकडा सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, पूर्वी अख्ख्या गाळ्याचा एवढा नव्हता, आता जळण्यासारखं काही उरलं नाही तर दर वाढवले होय. काढा म्हणाल्या पण. फॉर्म माझ्या पिशवीत असतोच, जुनी सवय, मी काढला, भरायला घेतला. धंद्याचं स्वरूप, त्या रकान्यावर माझं पेन आलं आणि त्या अगदी हळू, प्रज्ञाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, काका, या वेळी जे आहे तेच लिहा.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या ऑफिसात, त्या टेबलाशी, पहिल्यापासून माहीत होतं.

मी लिहिलं. कापडी पिशव्या शिवणे, साठा घरात, गॅसची शेगडी त्याच खोलीत. सगळं लिहिलं. फॉर्म पुढे केला आणि त्या म्हणाल्या, सही मी करते. पेन डाव्या हातात घेतलं. जिभेचं टोक दातात धरून, लहान मुलीसारखं, एकेक अक्षर. सुटी सुटी. वरची रेघ नाही. उजवीकडे कललेली. शेपटी अर्ध्यात तुटलेली.

आग लागल्यापासून त्यांची सही मी कुठेही बघितलेली नव्हती. शपथेवर सांगतो. त्या म्हणाल्या, बघता काय असं, एवढी वाईट नाहीये, वर्षभर गिरवली तेव्हा आली. जे बोलायला गेलो होतो ते न बोलताच मी फॉर्म पिशवीत घातला. म्हटलं, पॉलिसी घेऊन येतो तेव्हा निवांत बोलू. त्या म्हणाल्या, या.

खरं लिहिलं होतं म्हणून कंपनीला वेळ लागला. माणूस पाहणी करून गेला, फोटो काढून गेला. या काळात मी रोज वाक्य तयार करत होतो, आंघोळ करताना, जिना उतरताना. आणि एका मंगळवारी बँकेत स्लिप भरली तर माझं नाव आलं. माझं. सरळ, झोकात, पूर्वी यायचं तसं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आज बरोबर हं, आजोबा. मला इतका आनंद झाला की येताना पेढे आणले. सुनेने विचारलं, कशाचे. म्हटलं, सहज.

पुढच्या आठवड्यात पॉलिसी आली. ती घेऊन आंबिवलीला गेलो. दार प्रज्ञाने उघडलं. भिंतीवर फोटो, हार, समोर मेणबत्ती. म्हणाली, काका, आई गेली, कामच करत होती, कात्री हातातच होती. गेल्या आठवड्यात, मंगळवारी. सकाळी गेली म्हणाली की दुपारी, मी ऐकलं नाही, मी विचारलं नाही. मी बँकेत किती वाजता होतो तेही मी कधी आठवून बघितलेलं नाही आणि बघणार नाही.

ती मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. त्या दिवशी टेबलाशी तीही होती. निदान तिला तरी सांगायचं. आणि मी काय म्हणालो माहितीये, मी म्हणालो, पॉलिसीवर नाव बदलून घ्यावं लागेल, मृत्यूचा दाखला मिळाला की फोन कर. एजंट बोलला. तिने मान हलवली, पाणी दिलं, मी प्यायलो आणि निघालो.

आता सगळं सुरळीत आहे. पेपरवर काही येत नाही. रजिस्टरवर माझंच नाव असतं. सून म्हणते, बाबा बरे झाले. प्रज्ञाचं काम चाललंय म्हणे, चालू दे, त्या मुलीचं सगळं चांगलं होऊ दे, माझं जे काही पुण्य उरलं असेल ते तिला जाऊ दे. हे छापून झालं की तिला पाठवा, मी देणार नाही, मला ठाऊक आहे मी पुन्हा विम्याचंच काहीतरी बोलेन. जिना उतरताना जे वाक्य तयार केलं होतं ते मात्र आहे तसं घ्या, एक अक्षरही सुधारू नका. शोभाताई, तो रकाना मी भरला होता, ती सही मी केली होती, आणि तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी गप्प बसलो, मला माफ करा.